दुसऱ्या पायाचं माप

मुलुंड (पूर्व)
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. पत्र लिहायची पाळी आली ती माझ्या कानांमुळे. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. आणि मोबाइलवर तुला काही लिहावं तर ते आधी तुझा नवरा वाचतो. मागे मी विचारलं, "सुबोध नीट जेवतो का?" तर उत्तर आलं, "जेवतो. कळावे, सुबोध." म्हणून हा पोस्टाचा रस्ता. पेटी खाली जिन्याजवळ आहे आणि तो काही खाली उतरत नाही, म्हणजे पाकीट तुझ्याच हाती पडणार.

भाऊबीजेला बोरिवलीला येऊन गेले तेव्हापासून मन लागत नाही बघ. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि माझा धाकटा भाऊ खुर्चीतून उठेना. शेवटी खुर्चीतच ओवाळलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली, मान्य. मधुमेहाने घात केला, तेही मान्य. पण ते मार्चमधलं. ऑगस्टमध्ये डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले की जखम पूर्ण भरली, चाला, फिरा, बेताबेताने खेळा, फक्त पायात चांगले बूट हवेत. मग हा नोव्हेंबरात खुर्चीत काय करतोय? वीस वर्षं रोज सकाळी सहाच्या ठोक्याला रॅकेट घेऊन बाहेर पडणारा माणूस! लालबागला चाळीच्या गॅलरीत आईची वाळत घालायची दोरी बांधून खेळायचा तो, बॅडमिंटनचं फूल खाली मिलच्या पत्र्यावर गेलं की मला आणायला पाठवायचा.

तू त्याला बॅडमिंटनचे नवे बूट आण. ज्यांनी पाय खाल्ला ते जुने टाकलेस ना? नवे बूट दारात दिसले की त्याचे पाय वळतील. जरा मनावर घे, मृणाल. रागावू नकोस, पण मला वाटतं तू त्याला जरा जास्तच जपतेस.

तुझी,
वनमालाताई


बोरिवली (पश्चिम)
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईंना,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. सुबोधची साखर आटोक्यात आहे, पाय बरा आहे. मी रोज सकाळी धुऊन, पुसून, बोटांच्या मध्ये कोरडं करून बघते. त्या पायाला फारसं कळत नाही ना. खडा टोचला तरी पत्ता लागत नाही, म्हणून डोळ्यांनीच बघावं लागतं.

तुम्ही म्हणालात म्हणून शुक्रवारी दुपारी तो झोपल्यावर बाजारात गेले. पहिल्या दुकानात मुलाने रनिंगचे शूज पुढे केले. छान दिसत होते, मऊ होते, टाच चांगली उंच. मी घेणारच होते. मग तिथून चार दुकानं पुढे खेळाच्या सामानाचं जुनं दुकान आहे, यज्ञेशभाईंचं, तिथे सहज विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बेन, ते सरळ पळायचे शूज. बॅडमिंटनमधे माणूस आडवा पळतो. उंच टाचेवर आडवा गेला की घोटा मुरगळला समजा." त्यांनी एक शू उलटा करून दाखवला. खाली रबराचा पिवळट तळ, कोर्टाच्या लाकडावर डाग न पडणारा. टाच बसकी. बाजूने घट्ट, पुढे बोटांना अंगठाभर जागा. आणि आत हात घालून बघायला लावला की कुठे शिवण टोचते का. मधुमेहाच्या माणसाला ती शिवणच नडते म्हणाले.

मी म्हटलं, द्या मग.

तर म्हणाले, "पाय कुठे आहे?"

"घरी."

"तर मग शूज पण आपल्या घरी राहू दे, माझ्या दुकानात. पाय घेऊन या. संध्याकाळी या, संध्याकाळी पाय थोडा फुगतो, तेच खरं माप."

घरी येऊन सुबोधला म्हटलं, चल, रिक्षाने जाऊ, मापाला. तो टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "मला शूज नकोत. मला बोटं आणून दे." मी कुकर लावला.

तेव्हा तूर्त ते राहिलं. भावोजींना नमस्कार.

आपली,
मृणालिनी


मुलुंड (पूर्व)
२५ नोव्हेंबर २०२४

चि. मृणाल,
आशीर्वाद.

"तूर्त ते राहिलं" म्हणे! अगं, असं एका वाक्यावर घरी परत येतात होय? मी इथे यांना कामाला लावलं. आमच्या हनुमान चौकाच्या बाजूला खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे हे चौकशीला गेले आणि तासाभराने स्वतःसाठी मनगटाला बांधायचा पट्टा घेऊन आले. रॅकेट जन्मात धरली नाही या माणसाने. "घाम पुसायला बरा," म्हणतात. असो. पण त्या दुकानदारानेही तुझ्या यज्ञेशभाईंसारखंच सांगितलं, म्हणजे माणूस खरा दिसतो. त्याच्याकडूनच घे.

आता पाय दुकानात जात नसेल तर माप जाईल. आमची आई काय करायची, ठाऊक आहे? आम्हा भावंडांना तिने कधी चपलेच्या दुकानात नेलं नाही. "पोरांक बाजारात न्हेलंय तर अर्धो बाजार घराक हाडूक लागतलो," म्हणायची; जे दिसेल ते आम्ही घरी आणायला लावू, ही भीती. आम्ही झोपलो की ती पांढरा दोरा घ्यायची. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक दोरा, तिथे गाठ. पाय जिथे सगळ्यात रुंद तिथे वेढा घालून दुसरा दोरा, तिथे दुसरी गाठ. दोन्ही दोरे पदराला बांधून परळच्या बाजारात जायची आणि दोरा बुटात घालून बघायची. एकदाही चूक झाली नाही. सुबोधला तर शाळेचे बूट मिळाले की वाटायचं रात्रीत देव ठेवून गेला.

तसं कर. दुपारी झोपतोच ना तो? घे दोरा आणि बस पायथ्याशी.

एक सांगते, राग मानू नकोस. तू घाबरतेस. परत काही झालं तर, म्हणून तू त्याला घरात धरून ठेवलं आहेस. पण असा तो बरा व्हायचा नाही गं. माणूस घरात बसून आंबतो.

तुझी,
वनमालाताई


बोरिवली (पश्चिम)
४ डिसेंबर २०२४

ती. ताईंना,
सा. न.

तुमच्या पत्राला आठ दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुम्हाला आवडलं नसतं. आजही आवडणार नाही.

ताई, मी त्याला धरून ठेवलेलं नाही. तोच मला धरून बसला आहे.

सकाळी डोळा उघडल्यापासून "मृणाल". पाणी दे, मृणाल. पंखा कमी कर. पेपरातलं हे बघितलंस का? कोण आलं होतं? कुणाचा फोन? मी बाथरूममध्ये गेले तरी बाहेरून "मृणाल, किती वेळ?" तो वाईट वागतो असं नाही. भांडत नाही, ओरडत नाही. नुसता हाका मारतो. जिन्यावर कुणाच्या चपला वाजल्या तरी तो मला विचारतो कोण ते. मार्चपासून या घरात मी एकटी अशी पाच मिनिटंही बसलेली नाही.

तुम्ही वीस वर्षांची गोष्ट काढलीत ना, सहाच्या ठोक्याची? ते दोन तास माझे होते. तो गेला की मी दार लावून पुन्हा आडवी व्हायचे. बँकेत होते तेव्हाही, आणि नोकरी सोडल्यावर तर नक्कीच. कधी झोपायचे, कधी नुसती छताकडे बघत पडायचे. आठला बेल वाजली की उठून चहा. त्या दोन तासांवर माझा सगळा दिवस चालायचा, हे मला ते गेल्यावर कळलं. मला काही नको, ताई. केअरटेकर नको, सहल नको. सकाळचे ते दोन तास हवेत. त्याने खेळावं असं तुम्हाला तुमच्या भावासाठी वाटतं. मला माझ्यासाठी वाटतं. घ्या, लिहून टाकलं.

आणि आता बातमी. शूज आणले.

तुमच्या आईंची युक्ती केली. सोमवारी तो जेवून झोपला, पाय चादरीबाहेर. पायथ्याशी बसले, देवघरातल्या वातीच्या दोऱ्याने माप घेतलं, लांबीचं एक, वेढ्याचं एक. इतके महिने तो पाय हाताळते आहे, त्याला जाग आली नाही. दोरे पाकिटात घालून दुकानात गेले. यज्ञेशभाई हसले, पण त्यांनी दोरा नीट ताणून मोजला. मी म्हटलं, रुंद साच्याचे द्या, आधीच्या वेळी अरुंद शूजनीच घात केला होता. ते म्हणाले, "नको बेन. साहेबांचा पाय तर सडपातळ आहे. रुंद घेतला तर आत पाय सरकेल, घासेल, परत जखम." मलाही वेढा लहान वाटला खरा. वाटलं, आजारपणात पाय वाळला असेल. साध्या साच्याचे घेतले. निळे आहेत. आत कुठे शिवण नाही, दोनदा हात फिरवून बघितलं.

बॉक्स कपाटात माझ्या साड्यांमागे आहे. रविवारी देईन. नीट झालं तर बरं, नाहीतर माझ्यात परत दुकानात जायचं त्राण नाही.

मृणालिनी


मुलुंड (पूर्व)
११ डिसेंबर २०२४

प्रिय मृणाल,

पत्र वाचलं. यांनाही वाचायला दिलं. वाचून हे उठले आणि स्वतःचा चहा स्वतः करून आले, मलाही दिला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पहिल्यांदा. साखर घालायला विसरले होते.

मी भावाच्या बाजूने बघत होते, तुझ्या बाजूने बघायचं राहिलंच. तू इथे असतीस तर तुला आतल्या खोलीत निजवून दाराला बाहेरून कडी घातली असती. काय लिहू आणखी?

रविवार होऊन गेला. बूट दिलेस का? काय म्हणाला? मला रोज वाटतं आज पत्र येईल. चांगलं असो, वाईट असो, लिही. गप्प राहू नकोस.

तुझी,
ताई


बोरिवली (पश्चिम)
१९ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

ठरल्याप्रमाणे त्या रविवारी चहा झाल्यावर बॉक्स त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने झाकण उघडलं, वरचा कागद बाजूला केला, शू नाकाशी नेऊन वास घेतला. नव्या रबराचा. मग म्हणाला, "घाल बघू."

मी स्टुलावर बसले, खेळायचे मोजे चढवले, आणि डावा शू घातला. इतका छान बसला, ताई, की मी तुमच्या आईंना मनातल्या मनात हात जोडले. बोटांपुढे जागा, बाजूला ना सैल ना घट्ट. त्याने पाय जमिनीवर टेकवला, दाबला. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. मग मी उजवा घेतला.

उजवा जाईना. लेस पूर्ण सोडली, जीभ वर ओढली, तरी पाऊल अर्ध्यात अडकलं. मी ढकलतेय, तो ओढतोय. मला कळेना, याच जोडीतला, याच मापाचा, मग असं कसं? मी चिडून म्हटलं, "अरे, माप घेऊन आणलेत!"

"कुठल्या पायाचं?" त्याने विचारलं.

मी त्याच्या पायांकडे बघितलं. डाव्या पायाचं. ज्याला दोन बोटं नाहीत त्या पायाचं. वेढा लहान येणारच की! पायथ्याशी बसले, दोरा घेतला, समोर दोन पाय होते, आणि मी न विचार करता रोजचा पाय हातात घेतला. मार्चपासून तोच धुतेय, तोच पुसतेय, त्यालाच कापूस, त्यालाच पावडर. माझ्या लेखी पाय म्हणजे तोच. दुसरा धडधाकट पाय त्याच्याच शेजारी पडलेला असतो हे मी चक्क विसरून गेले होते.

सुबोध म्हणाला, "मृणाल, हा पण माझाच आहे गं."

मला हसू फुटलं. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडले, ताई, शू हातात तसाच. शेजारच्या चंपाताई दार वाजवून विचारून गेल्या. सुबोधने एकदाही हाक मारली नाही. मी उठले तेव्हा त्याने दोन्ही शूज बॉक्समध्ये नीट ठेवले होते, आत कागदाचे बोळे होते तसे कोंबून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर हा पँट घालून उभा. म्हणाला, "संध्याकाळी पाय फुगतो म्हणे. तीच वेळ बरी." मी पर्स घ्यायला वळले तर म्हणाला, "तू नको. तू बस." काठी घेतली, बॉक्स काखेत घेतला आणि जिना उतरला. मी गॅलरीतून बघत होते. रिक्षा मिळायला वेळ लागला, तरी वर बघितलं नाही त्याने. मी एकटीच घरात होते आणि काय करावं ते मला सुचेना. नुसती कठड्याला धरून उभी राहिले तो परत येईपर्यंत.

रुंद साच्याचे घेऊन आला. डाव्या शूमध्ये बोटांच्या रिकाम्या जागेत घालायला डॉक्टरांनी दिलेली मऊ गादी आहे, ती बरोबर बसते. यज्ञेशभाईंनी त्याला दुकानात आडव्या चार उड्या मारायला लावल्या म्हणे. हे मला त्याने नाही सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी बिलावर शिक्का घ्यायला गेले तेव्हा कळलं.

पण ताई, शूज तेव्हापासून दाराशी तसेच आहेत. सकाळी सहा वाजतात, तो जागा असतो, मीही जागी असते, आणि दोघंही नुसते पडून राहतो. मी म्हणणार नाही जा म्हणून. आता माझ्यात म्हणायचीही ताकद नाही.

मृणालिनी


बोरिवली (पश्चिम)
३ जानेवारी २०२५

तायडे,

हल्ली पेटीतली पत्रं मी आणतो. तुझं मृणालच्या नावाचं पाकीट काल मिळालं. तिच्या हातात दिलं, फोडलं नाही. मी मोबाइल वाचतो म्हणून तुम्ही दोघी काय उद्योग करत होतात ते मला न वाचताच कळलं. माझ्या पायाला दोरा बांधण्यापर्यंत मजल गेली तुमची! आईची आठवण आली. एक तुला सांगतो, शाळेच्या बुटांच्या वेळी मी जागाच असायचो. डोळे मिटून पडायचो, कारण तिचा हात पायावर फिरायचा ते बरं वाटायचं. मृणालने माप घेतलं तेव्हाही जागाच होतो. बोललो असतो तर दुकानाची एक खेप वाचली असती. पण तेव्हाही बरंच वाटलं.

काल कोर्टवर गेलो. मृणाल इतके दिवस 'जा' म्हणेना, त्याचंच मला ओझं झालं होतं. पहाटे उठलो, शूजमध्ये हात घालून बघितला, घातले आणि दार ओढून घेतलं. बॅडमिंटन हॉलच्या दारावर नेहमीचा वॉचमन. त्याने शूजचा तळ बघितला, सलाम केला. माणिक, श्यामसुंदर, अंबादास, माझे जुने खेळगडी, तिघं होते. चौथा म्हणून कुणा पोराला धरला होता, त्याला बसवलं आणि मला घेतलं. खेळलो म्हणजे काय, उभा राहिलो. माझ्या बाजूला आलेलं प्रत्येक फूल माणिक पळत येऊन मारत होता आणि वर "झकास, सुबोध!" म्हणत होता. मी काहीच केलं नव्हतं गं त्यात, म्हणून मला राग आला, आणि रागाच्या भरात एक खरंच मारलं. जाळीत गेलं. अर्ध्या गेममध्ये दम संपला. मग बाकावर बसून बघितलं. पण शूज चांगले आहेत. आडवा गेलो तेव्हा पाय जागेवर राहिला.

आठला घरी आलो आणि बेल वाजवली. दार उघडेना. माझ्याकडे किल्ली नसते, वीस वर्षांत कधी नव्हतीच. बेल वाजवली की ती उघडायची. आधी वाटलं, बाथरूममध्ये असेल. मग घाबरलो, पडली तर नाही? बेलवर बोट ठेवलंच होतं, आणि दारापाशी तिच्या घोरण्याचा आवाज आला. हॉलमधल्या दिवाणावरच झोपली होती, दारापासून चार हातांवर. तायडे, मृणाल घोरते हे मला माहीतच नव्हतं. इतकं गाढ झोपलेलं मी तिला ऐकलं नव्हतं कधी.

दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. जिन्याच्या पायरीवर बसलो. दुधाची पिशवी कडीला होती, ती सावलीत घेतली. साखर उतरेल म्हणून खिशात बिस्किटं ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय, ती खाल्ली. शूज काढले, मोजे काढले. पायाचा तळ मला वाकून दिसत नाही, म्हणून मोबाइलने फोटो काढला आणि मोठा करून बघितला. कुठे लाल नाही. मग दुसऱ्या पायाचाही काढला. हे मार्चपासून ती करत होती, आणि मी टीव्ही बघत होतो.

चंपाताई खाली उतरताना थांबल्या. "काय ओ भाऊ, वहिनींनी बाहेर काढलं की काय?" मी तोंडावर बोट ठेवलं. त्या पदर तोंडाला लावून चवड्यांवर जिना उतरल्या.

नऊ वाजून गेल्यावर दार उघडलं. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. मला पायरीवर अनवाणी बघून दचकली. "अरे देवा! कधी आलास?"

"आत्ताच," म्हटलं.

तिने चहा टाकला. संध्याकाळी खाली जाऊन मी दाराची दुसरी किल्ली करून आणली. आता रोज बरोबर नेईन आणि नऊच्या आत ती वापरणार नाही. तू तिला यातलं काही लिहू नकोस. तिने विचारलं तर मी आत्ताच आलो होतो.

तुझा,
सुबोध